रशियन शेजारणीची खरेदी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही ओझरला, विमानांच्या कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. समोरच्या बिऱ्हाडात एक रशियन इंजिनिअर आणि त्याची बायको. मला रशियन येत नव्हतं, तिला मराठी. तरी रोज दुपारी आमच्या गप्पा व्हायच्या. थोडं हिंदी, बाकी हातवारे. साबुदाण्याची खिचडी तिला फार आवडायची, फक्त मिरच्या वेचून ती बशीच्या कडेला लावून ठेवायची. बाजारातल्या भाजीवाल्या तिला ओळखत. “लय म्हाग नाय बाई, घ्या,” असं त्या म्हणाल्या की ती मान हलवून म्हणायची, “जास्त, जास्त!” तेवढा शब्द तिचा पक्का होता.

त्याच सुमारास आपल्या सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. “आता बाहेरून येणारं सगळं महागणार,” ह्यांनी जेवताना सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन पेट्रोलच्या नावानं भरपूर कुरकुर केली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

पुढे तिचा देशच फुटला. एका दुपारी गेले तर डोळे सुजलेले. “देन्गी,” ती म्हणाली. मी ऐकलं देणगी.

“कुणाला देणगी?”

तिनं पर्समधून रूबलची नोट काढली, तळहातावर ठेवली आणि फुंकर मारून उडवून दिली. तेव्हा कळलं, त्यांच्या भाषेत देन्गी म्हणजे पैसे. गाडी घ्यायची म्हणून दोघांनी तिकडच्या बँकेत पैसे साठवले होते. बहिणीनं फोनवर सांगितलं, त्यात आता बुटांचा एक जोड येईल. मला माझ्या पेट्रोलची लाज वाटली.

त्यांची मुदत संपत आली. हातात इथले रुपये उरले होते.

“बदलून घे ना,” मी म्हटलं.

“रूबल नही. सामान,” ती म्हणाली.

मग आम्ही दोघी एसटीनं नाशिकला गेलो. मेन रोडवर दिवसभर फिरलो. चहाची पाकिटं, सुती शर्ट, छत्र्या, दोन कातडी जाकिटं. छत्र्यांचा ढीग बघून दुकानदारानं मला हळूच विचारलं, “ताई, मॅडम दुकान टाकतायत का?” मी हसले. तिला कळलं नाही, पण मी हसले म्हणून तीही हसली. परतताना गाडीत बसायला जागा मिळाली, पण मांडीवर इतकी गाठोडी की आम्हाला एकमेकींची तोंडं दिसेनात.

ते दोघं गेल्यावर समोरचं बिऱ्हाड बरेच महिने बंद होतं. मग दुसरं रशियन कुटुंब आलं, त्यांच्याच गावचं. नव्या बाईला हिंदी बरं येत होतं. तिनं सांगितलं, तिकडे माझ्या जुन्या शेजारणीच्या नवऱ्याचा पगार महिनोन् महिने होत नव्हता. तिकडे शाळेत शिकवणारी ती स्टेशनबाहेर टेबल मांडून उभी राहिली, बर्फात. नाशिकच्या छत्र्या, शर्ट, चहा, सगळं विकलं गेलं. घर त्यावर चाललं.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता तिचा छोटा गाळा आहे. तुर्कस्तानातून माल आणते.”

मला आनंद झाला, आणि का कोण जाणे, खूप एकटंही वाटलं. मी नव्या बाईला आत बोलावलं आणि चहाचं आधण ठेवलं.