जिभंला लागल्याबिगर अंगठा न्हाई

फोन सकाळी दहाला आला, मी हजेरी घेत असताना. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या छबुबाईंचा. "गुरुजी, आज चव घ्यायला दुसरं कुनीतरी बघा. लंकाबाई गेल्या." मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं गेल्या?" पलीकडून हुंदका आला तेव्हा कळलं... याला आता पाच आठवडे झाले.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावातून दिवाळीनंतर निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. लंकाबाईही वीस-बावीस वर्षं कोयता घेऊन गेल्या. गुडघे बसले तेव्हा त्या गावात राहिल्या, मुलगा-सून जाऊ लागले आणि नात आरती त्यांच्यापाशी राहिली. खिचडी वाढायच्या अर्धा तास आधी शिक्षकाने आणि एका पालकाने ती चाखायची, मग वहीत शेरा आणि सही, असा नियम आहे. पालक म्हणून मी त्यांना बोलावलं, तर म्हणाल्या, "पालक म्हंजी भाजी व्हय? मी आजी हाय तिची." साधी बाई दिसते, दाखवू तिथं अंगठा देईल, असा माझा हिशोब. माणसं ओळखण्यात मी पहिल्यापासून कच्चा. सोमवारीच मी अख्ख्या आठवड्याचं 'चव चांगली' लिहून मोकळा व्हायचो आणि त्याला कामाचा उरक म्हणायचो. वही पुढे केली की त्या हात पदराखाली घेत. "जिभंला लागल्याबिगर अंगठा न्हाई." मग त्या चाखत आणि अर्धा तास भिंतीला टेकून बसत. मुलं भुकेनं चुळबुळत, मी मनातल्या मनात चरफडत असे.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत शाळेच्या तांदळाला सोंडे लागले. मी शेतीऔषधांच्या दुकानातून धान्यात ठेवायच्या गोळ्या आणल्या आणि घरी ठेवतात तशा फडक्यात बांधून पोत्यात खुपसल्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढे एका गुरुवारी लंकाबाईंना यायला उशीर झाला. वहीत शेरा तर सोमवारीच पडला होता. मी छबुबाईंना म्हटलं, "वाढायला घ्या." पहिलीच्या रांगेत ताटं भरली, तेवढ्यात लंकाबाई लंगडत आल्या. पातेल्यातली चिमूटभर खिचडी त्यांनी जिभेवर ठेवली आणि थांबल्या. "छबे, लसूण घातलाय व्हय?" छबुबाई म्हणाल्या, "न्हाई वो, लसूण परवाच सपलाय." लंकाबाईंनी घास थुंकला. "पोरांनो, ताटं खाली ठिवा." आवाज चढलेला नव्हता, तरी भरलेली ताटं एकेक करून खाली टेकली. दोन मुलींनी घास घेतला होता. त्यातली एक आरती. मला रागच आला. म्हटलं, "अहो, मुलं उपाशी आहेत." त्या म्हणाल्या, "गुरुजी, उसाच्या फडावर आमच्या कोपीत गव्हाच्या पोत्याला आसाच लसनाचा वास सुटला हुता. सकाळच्याला कोंबड्या मरून पडल्या हुत्या." छबुबाईंनी तांदळाचं पोतं उपडं केलं. फडक्याची गाठ सुटली होती आणि तांदळात राखाडी भुकटी मिसळली होती.

जीपमधून दोघींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत आरती एकदा ओकली. डॉक्टरांनी विचारलं, "तांदळात काय होतं?" गोळ्यांची गोष्ट मी छबुबाईंनाही सांगितली नव्हती. "पोतं तसंच आलं होतं" हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, ते खोटं कुणाला कळलंही नसतं. चोराच्या मनात चांदणं... मला वाटलं, सगळा दवाखाना माझ्याकडेच बघतोय. प्रत्यक्षात बघत होत्या फक्त लंकाबाई, नातीचं डोकं मांडीवर घेऊन. मी म्हणालो, "गोळ्या होत्या. मी ठेवल्या होत्या." डॉक्टर धावले. दुसऱ्या दिवशी दोघींना घरी सोडलं.

त्यानंतरच्या पालकसभेत गाव पेटलेलं होतं. शाळेला कुलूप लावा, या गुरुजीला घालवा. मी मान खाली घालून बसलो होतो. लंकाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "कुलूप लावून पोरं शिकत्यात व्हय? उद्यापास्नं रोज एका घरानं चव घ्यायची. ज्या घराला कुलूप आसंल, त्यांच्या बदली मी यील. आन् आदी गुरुजींनी खायचं, आमच्याम्होरं." सभा उठल्यावर मी त्यांच्यापुढे हात जोडले. त्या म्हणाल्या, "मी तुमाला माफ करनार न्हाई गुरुजी. माफ केलं की मानूस ढिला पडतो. पन पोरगी उद्या शाळंत यील."

मला नोटीस आली, चौकशी झाली, शिक्षा झाली, तीही भोगून संपली. लंकाबाईंची मात्र संपली नाही. निम्म्या गावाला कुलूप, म्हणून बहुतेक दिवस त्याच येत. मी खायचो आणि अर्धा तास त्या माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. पहिलं वर्षभर मला त्यांचा संताप यायचा. नंतर कधीतरी त्या बघता बघता बोलू लागल्या, कुणाच्या घरी पोर तापलंय, कुणाची मुलगी शाळा सोडायच्या बेतात आहे. आम्ही दोघं जाऊन त्या मुलींना परत आणत असू. एवढं होऊनही माफीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मलाही धीर झाला नाही. आता वाटतं, एकदा विचारायला हवं होतं.

दहाव्यानंतर त्यांची सून सुरेखा आरतीसाठी गावातच राहिली. परवा तिच्या घराची पाळी होती. मी सवयीने घास उचलला, तर ती म्हणाली, "गुरुजी, आत्याबाईंनी तुमाला माफ केलं हुतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग मीबी करत न्हाई. खावा."

मी खाल्लं. ती अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघत बसली आणि मग तिनं पोरांना ताटं घ्यायला सांगितलं.