वडिलांच्या डोक्याचा फोटो

वडिलांच्या मेंदूचा एमआरआय आम्ही गोव्यात काढला. कारण गाऱ्हाण्याचं होतं. गावच्या जत्रेत देवासमोर गाऱ्हाणं, म्हणजे सतराही देवांची नावं घेत गावासाठी साकडं, घालण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे आणि एकोणतीस वर्षं ते वडीलच घालत होते. गेल्या जत्रेत त्यांनी एकाच देवाचं नाव तीनदा घेतलं. मंडळींनी तिन्ही वेळा मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. कुणाला काही खटकलं नाही. मला खटकलं.

डॉक्टरांनी पडद्यावर पांढरे ठिपके दाखवले. रक्तदाब अनेक वर्षं चढा राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्याच्या या खुणा. शिवाय दोन ठिकाणी जुने, कुणाला न कळलेले झटके. नुकसानीची श्रेणी तीनपैकी दोन. वडिलांचा वरचा दाब एकशे सत्तर असायचा आणि गोळी ते डोकं दुखलं तरच घेत. हे मला माहीत होतं.

"म्हणजे माझं डोकं गेलं काय?" वडिलांनी विचारलं. डॉक्टरांसमोर ते शुद्ध बोलतात.

"तसं नाही, आजोबा. एवढेच ठिपके असलेला एक माणूस दुकान चालवतो, दुसऱ्याला स्वतःचं घर सापडत नाही. फोटोत नुकसान दिसतं. तुम्हाला काय येतं, ते तुम्हालाच विचारावं लागतं."

मग त्यांनी विचारलं. वार, महिना, शंभरातून सात वजा. तीसपैकी चोवीस गुण मिळाले.

परतताना इन्सुलीला चहा घेताना वडील म्हणाले, "चोवीस म्हणजे पास मां रे? मगे गाऱ्हाणा मीच घालतलंय."

मी हो म्हणालो. पण चार दिवसांनी थोरल्या चुलतभावाने रिपोर्ट बघायला मागितला आणि मी दिला. 'बरे आहेत' एवढंच म्हणता आलं असतं. लपवाछपवी मला जमत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. सोबत गुणांचा कागदही दिला होता, तो त्याने उलटूनसुद्धा पाहिला नाही. जत्रेआधी देवळात बैठक झाली. तिथे त्याने रिपोर्टातल्या इंग्रजी ओळी वाचून दाखवल्या आणि अर्थ सांगितला, "तीनातले दोन भाग गेले काकाचे. ऱ्हवलो एक."

"एका भागात गाऱ्हाणा कसा मावतला?" कुणीतरी म्हणालं. मंडळी हसली. वडीलही तिथेच बसले होते.

श्रेणी म्हणजे भाग नव्हेत, हे सांगायला मी उठलो.

"कागद तूच दिलंस मां?" चुलतभाऊ म्हणाला.

मी खाली बसलो. मान त्याच्याकडे गेला.

जत्रेच्या दिवशी त्याने गाऱ्हाणं घातलं. आवाज खणखणीत. वडील खांबाला टेकून ओठ हलवत होते. मध्येच ते मोठ्याने म्हणाले, "गांगो ऱ्हवलो! गांगेश्वराचा नाव घेऊक नाय!"

"काका, बसा वायच," मागून एकाने त्यांचा खांदा दाबला. "तुमच्या डोक्याचो फोटो काडलो हा मां?"

वडील बरोबर होते. सतरा देवांपैकी सोळाच घेतले गेले होते. मी मोजले होते. आणि मी इतरांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हटलं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी वार विचारला. वडील भिंतीकडे बघत राहिले. महिना विचारला, तरी तेच. चोवीसाचे नऊ झाले. डॉक्टरांनी 'झपाट्याने उतार' असं लिहिलं आणि पुन्हा एमआरआय सुचवला. त्याच सकाळी घरातून निघताना वडिलांनी माझ्या बायकोला बजावलं होतं, "आज सोमवार, मासे हाडू नको गो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाबा, वार म्हायत होतो मां तुमका? मगे सांगूक नाय कित्या?"

ते वाकून चप्पल घालत होते. वर न बघता म्हणाले, "सांगान काय करू? कागद तुझ्याच हातात पडतलो."