ओहायोच्या वाटेवर यशूची पहिली फेरी

अमेरिकेतल्या कॅरी गावातलं घर आम्ही सोडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. माझा धाकटा भाऊ मिलिंद भाड्याचा ट्रक घेऊन पुढे, आणि त्याच्या मागे छोट्या गाडीत त्याची बायको वर्षा आणि मी. ट्रकमध्ये त्यांचं सगळं बिऱ्हाड होतं. गाडीत मागच्या सीटवर कढीपत्त्याची कुंडी, मिक्सर आणि चादरीत गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती. वर्षाने गाडी सुरू केली, चार पावलं पुढे नेली आणि पुन्हा थांबवली. स्वयंपाकघरातली खिडकी लावली का, असं तिने मला विचारलं. लावली होती. मीच लावली होती. तरी ती उतरून बघून आली.

मी नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर भावाकडे आरामात दोन-तीन महिने राहावं, चार ठिकाणं बघावीत, या बेताने अमेरिकेत आले. आले आणि थोड्याच दिवसांत मिलिंदची नोकरी गेली. इथे व्हिसावर राहणाऱ्या माणसाला नोकरी गेल्यावर फार दिवस हातावर हात ठेवून बसता येत नाही. नवी मिळाली ती ओहायो राज्यातल्या डब्लिनला. सोमवारी हजर व्हायचं होतं. कॅरीच्या घरात नवे भाडेकरू यायचे होते, आणि ट्रक मिळाला तो नेमका यशूच्या सामन्याच्या दिवशी.

यशोधरा ही त्यांची एकुलती एक मुलगी. वयाच्या चौथ्या वर्षी नागपूरहून आली, कॅरीत वाढली, शाळेत फुटबॉल खेळायला लागली आणि गोलकीपर झाली. वडिलांच्या व्हिसावर आलेल्या मुलांना एकविसावं वर्ष लागलं की तो व्हिसा सोडावा लागतो. यशू मग विद्यार्थिनी म्हणून राहिली. शिक्षण संपलं तसा तोही रस्ता संपला. त्याच सुमारास बाल्टिक समुद्राकाठच्या एका लहानशा गावातल्या मुलींच्या क्लबने तिला बोलावलं आणि ती गेली. तो क्लब त्या छोट्या देशातला विजेता, म्हणून त्याला युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत जागा मिळालेली. बाद पद्धतीची स्पर्धा. मोठ्या शहरांचे श्रीमंत क्लब नंतर उतरतात. सुरुवातीच्या फेरीत यांच्यासारखेच लहान क्लब एकमेकांना भिडतात, आणि हरला तो घरी.

यशूच्या बाबतीत घर कुठलं, हाच प्रश्न होता. क्लब पुढे गेला तर बाहेरच्या खेळाडूंचा करार वाढणार होता. हरला तर करार संपणार, आणि त्या देशातलं राहणंही. अमेरिकेत तिला परत येता येत नव्हतं. मिलिंद-वर्षाला तिच्याकडे जाता येत नव्हतं, कारण एकदा बाहेर पडलं की व्हिसाचा नवा शिक्का मिळेपर्यंत नोकरी टिकेल याची खात्री नाही. मग उरलं नागपूर. म्हणजे माझं घर.

मी वर्षाच्या शेजारी बसून हा सगळा हिशोब मनात करत होते. माझ्या घरात मी एकटी असते. यशू हरली तर येईल, हा विचार गाडीत बसल्यापासून दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी खिडकीबाहेर बघायला लागले.

बाहेर पाइनची झाडं संपत नव्हती. मग जमीन हळूहळू उचलली गेली, आणि व्हर्जिनियात शिरताच रस्ता डोंगराच्या अंगाने चढायला लागला. खाली दरीत धुकं साचलं होतं. एका चर्चचं टोक तेवढं वर दिसत होतं. ‘बघा ताई, किती सुंदर,’ असं वर्षा म्हणाली खरी, पण तिची नजर ट्रकच्या मागच्या दिव्यांवरून हलत नव्हती. एका थांब्यावर आम्ही धपाटे आणि जवसाची चटणी काढली. मिलिंदने उभ्यानेच दोन घास खाल्ले. सामन्याच्या वेळी तो ट्रक चालवत असणार होता, आणि मला वाटतं, त्याला तेच हवं होतं. आम्ही विहारात वाढलेली माणसं. शकुन-अपशकुन आमच्या घरात कुणी मानत नाही. पण आपण बघितलं की यशू गोल खाते, असं मिलिंदच्या डोक्यात कधीतरी बसलेलं. तिला मैदानावर सोडायचा आणि पार्किंगमध्ये मैदानाकडे गाडीची पाठ करून बसायचा.

डोंगराच्या पोटातून जाणारा एक लांब बोगदा लागला. पलीकडे निघालो तर वेस्ट व्हर्जिनिया. टर्नपाइक (टोल भरून जायचा रस्ता) वळणावळणाने चढत होता आणि ट्रक रांगत होता. एका मोठ्या चढावर त्याच्या पुढच्या भागातून वाफ यायला लागली. मिलिंदने कसाबसा पुढच्या फाट्यावर तो खाली उतरवला. एक पेट्रोल पंप, एक बंद पडलेलं दुकान आणि एक डायनर (घरगुती जेवणाचं छोटं हॉटेल), एवढीच वस्ती. ट्रकमधून पाणी गळत होतं. कंपनीला फोन लावायला मिलिंदला रस्त्याकडे बरंच चालत जावं लागलं, कारण दरीत फोन लागतच नव्हता. माणूस येईल, पण वेळ लागेल, असं उत्तर मिळालं.

सामना सुरू व्हायची वेळ झाली होती. युरोपात संध्याकाळ, इथे दुपारच्या आधीची वेळ. वर्षा मोबाइल उंच धरून पंपाभोवती फिरत होती. शेवटी मीच डायनरचं दार ढकललं.

आत काउंटरपाशी माझ्याच वयाची एक बाई होती. डोना तिचं नाव. माझं इंग्रजी शाळेतल्या परिपत्रकांचं, तिचं डोंगरातलं, पण ‘मुलगी’ आणि ‘सामना’ हे दोन शब्द तिला कळले. इंटरनेट आहे का, एवढंच मी विचारलं होतं. तिने पासवर्ड सांगितला, भिंतीकडचं टेबल पुसून दिलं आणि काय खाणार ते विचारलं. आम्ही न बघताच बोट ठेवलं. आलं ते बिस्किट आणि ग्रेव्ही. बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नव्हे, थरांचा मऊ पाव. ग्रेव्ही म्हणजे त्यावर ओतलेला दूध-मैद्याचा दाट पांढरा रस्सा. चव मला नीट आठवत नाही. वर्षाच्या ताटात तो तसाच थिजला.

गाडीतून आणलेल्या लॅपटॉपवर चित्र आलं तेव्हा सामना सुरू होऊन गेला होता. छोटंसं मैदान, एका बाजूला बाकं, मागे उंच सडसडीत झाडं. बघायला आलेली माणसं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला असतील तेवढीच. हिरव्या शर्टात यशू. कॅमेरा लांब असल्याने तिचा चेहरा दिसत नव्हता, पण मी तिचे पाय बघत होते. टाचा किंचित उचललेल्या, वजन पुढे. घाबरलेली मुलगी टाचांवर उभी राहते. आयुष्यभर मी तेच बघत आले. वर्षाला मी सांगितलं, ती ठीक आहे.

वर्षा बसत नव्हती. उठून दारापर्यंत जायची, ट्रककडे बघायची, परत यायची आणि काय झालं ते मला विचारायची. यशूने एक चेंडू पंजाने बाहेर काढला, एक पोटाशी धरून खाली पडली. डोना हातात किटली घेऊन मागे उभी राहिली. तुमची कुठली, असं तिने विचारलं. हिरवी, असं मी म्हटलं. त्यानंतर ती दर थोड्या वेळाने येऊन हिरवी कशी आहे ते विचारायची. आपले दोन्ही मुलगे कामासाठी ओहायोला गेलेत, असं तिने सांगितलं. इथली सगळी पोरं याच रस्त्याने जातात.

मध्यांतरानंतर मिलिंद आत आला आणि लॅपटॉपकडे पाठ करून आमच्यासमोर बसला. स्कोअर विचारला नाही. आमच्या चेहऱ्यांवरून तो काय ते वाचत होता. त्यामुळे गोल झाला तेव्हा त्याला सांगावं लागलं नाही. समोरच्या मुलीने लांबून मारलेला चेंडू यशूच्याच संघातल्या एकीच्या पायाला लागून वळला. यशू उजवीकडे झेपावली आणि चेंडू डावीकडून आत गेला. तिचा काही दोष नव्हता. मी तसं म्हटलं, तर मिलिंद हळूच म्हणाला, “ताई, दोष कुणाचा ते कोण विचारतंय?”

मग वेळ भराभर पळायला लागला. यशूचा संघ सारखा पुढे जात होता आणि चेंडू सारखा परत येत होता. अगदी शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. हिरवा शर्ट आपली जागा सोडून धावत निघाला आणि पूर्ण मैदान ओलांडून समोरच्या गोलपाशी जाऊन उभा राहिला. एका गोलने मागे असलेला संघ शेवटच्या क्षणी असं करतो. आपला गोल मोकळा टाकून. वर्षाने माझं मनगट धरलं. मिलिंद वळला. मला आठवतं त्याप्रमाणे, तिचा सामना तो तेव्हा पहिल्यांदाच समोरून बघत होता. चेंडू कोपऱ्यातून उंच आला, यशूने सगळ्यांच्या वर उडी घेतली, तिचं डोकं लागलं, आणि चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. अगदी जवळून.

शिट्टी झाली. यशू तिथेच उभी होती, आपल्या नव्हे, दुसऱ्यांच्या गोलपाशी. मग चित्र बंद झालं.

त्या क्षणी माझ्या मनात पाहुण्यांची खोली आली. कपाट रिकामं करायला हवं, हेसुद्धा. आणि शेजारी वर्षा ओढणीने तोंड पुसत होती. आनंद म्हणावा तर म्हणता येईना, दुःख म्हणावं तर तेही खोटं. मी थिजलेली ग्रेव्ही चमच्याने हलवत राहिले.

डोनाने न मागता चेरीचा पाय (आत फळांचा गोड पाक भरलेला भाजलेला पदार्थ) आणून ठेवला. सांत्वन करावं म्हणून तिने विचारलं, “मग आता ती घरी येईल ना?”

वर्षा म्हणाली, “नाही. तिला येता येत नाही.”

डोनाला आधी वाटलं, तिकिटाची अडचण असेल. मिलिंदने तिला थोडक्यात समजावलं. ती ऐकत राहिली.

“पण ती वाढली तर इथेच ना?”

“हो,” मिलिंद म्हणाला. “इथेच.”

डोनाने किटली खाली ठेवली. नंतर एकाच पाकिटात तिघांपुरते पेपरोनी रोल (मांसाचे मसालेदार काप भरून भाजलेला पाव, इथल्या खाणीतले लोक डब्यात न्यायचे तो) बांधून तिने वर्षाच्या हातात दिले. ओहायो अजून लांब आहे, असं म्हणाली.

ट्रकवाल्यांचा माणूस आला, त्याने फुटलेली नळी बदलली, पाणी भरलं आणि चढावर सावकाश जायला सांगितलं. आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. टर्नपाइकवर वर चढलो तशी फोनला जाग आली, आणि वर्षाच्या मांडीवर तो थरथरायला लागला. पुढच्या थांब्यावर तिने गाडी बाजूला घेतली, ट्रक थांबवून मिलिंदही मागे धावत आला. स्पीकरवर यशूचा आवाज बसलेला होता. आधी बराच वेळ इंग्रजीत, आई, आय वॉज सो क्लोज, हेच पुन्हा पुन्हा. वर्षा नुसती हं हं करत होती. मग यशू मराठीवर आली.

“आत्या आहे का तिथे? आत्या, तुझ्याकडे राहू शकते का मी?”

हे वाक्य मी सकाळपासून मनात ऐकलं होतं. प्रत्यक्ष आलं तेव्हा मी आधी वर्षाकडे बघितलं. तिने मान डोलावली. मग मी हो म्हटलं.

डब्लिनला पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. तिथलं सगळं सपाट, आखीव, हिरवळ कापलेली, तळ्याकाठी बदकं. नव्या घरात वर्षाने भांडी काढली नाहीत. तिने आधी यशूचं नाव लिहिलेली खोकी उघडली. माझ्या परतीच्या तारखेपर्यंत तेच चाललं. यशूचे बूट, स्वेटर, शाळेतली जाकिटं माझ्या बॅगांमध्ये भरायची, वजन जास्त झालं की काढायची, पुन्हा भरायची. नागपुरात स्वेटर कशाला, असं मी एकदाच म्हटलं. मिलिंद नव्या ऑफिसातून आला की त्या बॅगांना वळसा घालून आत जायचा. मलाही तिथे करमेना. घर लावायला मदत करायला थांबले होते, आणि घर लागत नव्हतं.

यशू माझ्याआधीच नागपूरला पोचली होती. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन तिने माझंच घर उघडलं. मी विमानतळाबाहेर आले तर ती रिक्षा ठरवून उभी. उंच, उन्हाने रापलेली, गुडघ्यावर खरचटलेलं. मला वाटलं होतं, एक हरलेली मुलगी माझ्याकडे येईल आणि मी तिला सांभाळेन. रिक्षात बसल्यापासून तीच बोलत होती. तिची मराठी अडखळत होती, तरी रिक्षावाल्याला डावं-उजवं तीच सांगत होती. तिने मैदान शोधलं होतं. मुलींचा एक संघ सकाळी सराव करतो, तिथे जायलाही लागली होती. कदाचित पुढच्या मोसमात बाहेरगावचा एखादा क्लब बोलावेल, तशी बोलणी चालू आहेत. म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत ती किती दिवस टिकेल, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सरावाहून आली, बूट दारात झटकले आणि पाणी पिता पिता म्हणाली, “आत्या, पहिल्या दिवशी कोचने नाव विचारलं, पोझिशन विचारली. बस. पहिल्यांदाच कुणी मला व्हिसा नाही विचारला.”

प्रवासाला निघताना मी अमेरिका बघायला म्हणून निघाले होते. लोक आता विचारतात काय काय बघितलं, तेव्हा मला डोंगरातलं ते डायनर आणि मोकळा पडलेला एक गोल सोडून काही सांगता येत नाही. एकाच घरातली माणसं दोन देशांत विखुरलेली, आणि प्रत्येकाच्या पायाखाली दुसऱ्याची जमीन. त्यात माझ्या वाट्याला आलं ते कुणाच्या तरी वाट्यातून कमी होऊन आलं, हे मी विसरू शकत नाही.

यशू आंघोळीला गेल्यावर मी वर्षाला फोन लावला. ओहायोत रात्र होती. पोरगी जेवते, झोपते, मैदानावर जाते, हे सगळं सांगितलं. मग ते व्हिसाचं वाक्यही सांगितलं, यशू म्हणाली तसंच. पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. फोन कटला असेल असं वाटून मी तिला हाक मारली.

“आहे,” वर्षा म्हणाली. “ताई, ते पुन्हा एकदा सांगा.”