पोटरीपुरती वाट

बोरिवलीच्या अनंतरावांचे पाय लांब. सिग्नलला मोटारसायकल थांबवून डावा पाय खाली टेकवताना पोटरी मागच्या फूटरेस्टवरच्या पावलांना अडे. जयंतीबाई मागे दोन्ही पाय डावीकडे घेऊन बसत. गती मंदावली, की त्या आपली पावले अलगद उचलून पतीच्या पायाला वाट करून देत. एकतीस वर्षे हा मूक परिपाठ अखंड चालला.

पक्षाघातातून सावरल्यावर त्या प्रथमच मागे बसल्या, आणि दहिसर नाक्यावर त्यांचे पाऊल उचललेच गेले नाही. अनंतरावांचा पाय अडकला, गाडी कलंडली. लोकांनी धरली म्हणून अनर्थ टळला.

दुसऱ्याच दिवशी अनंतरावांनी मेकॅनिक प्रीतमकडून फूटरेस्ट चार बोटे मागे बसवून घेतला.

"झकास, काका! आता पाय मोकळा," प्रीतम म्हणाला.

जयंतीबाईंना आधार देऊन मागे बसवले. त्यांचे दुर्बल पाऊल तिथवर पोचेना. ते अधांतरी लोंबत राहिले.

"अहो, ताडासारखे वाढलात तुम्ही, शिक्षा मला होय?" त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी आपली रिक्षानेच येत जाईन."

अनंतरावांनी त्यांना उतरवून घेतले.

"प्रीतम, गाडीला गिऱ्हाईक बघ," एवढेच ते बोलले, आणि खाली वाकून पत्नीच्या पायातली निसटलेली चप्पल नीट करू लागले.