उदबत्तीच्या वासाचे कागद

माझी जीभ तिखट आहे, हे मला कोणी नव्याने सांगायला नको. आईने सांगितलं, सासूने सांगितलं, नवरा तर लग्नापासून सांगतोय. लॅबमध्ये तिचा उपयोग होतो, अशी माझी आपली समजूत. नमुने तपासणाऱ्या बाईने मऊ राहून कसं चालेल? हात न धुता कोणी टेबलाला टेकला की आठवड्याची मेहनत पाण्यात. म्हणून मी ओरडते. त्या ओरडण्यापायी एका माणसाचं काय झालं, ते आज लिहून मोकळी होणार आहे. मोकळी कसली होतेय म्हणा.

देशात असताना मी युरेनियमच्या नमुन्यांवर काम केलं. लोकांना वाटतं, त्यात काहीतरी हिरवं चमकत असेल. कसलं काय! करडी भुकटी असते. ती विरघळवा, गाळा, मोजा, लिहा, आणि संध्याकाळी डोळे चोळत घरी जा. मग नवऱ्याला बाहरीनमध्ये नोकरी लागली आणि मीही मीना सलमान बंदराच्या गोदामांमधल्या एका छोट्या लॅबमध्ये लागले. इथे युरेनियम नाही, पण तेलाच्या विहिरींतून काढलेले जुने पाइप आहेत. पाण्याच्या बंबाला आतून चुन्याचा थर धरतो ना, तसा त्यांनाही धरतो, आणि जमिनीच्या पोटातलं रेडियम त्या थरात बसून राहतं. थर पाइपात आहे तोवर काही नाही. थर खरवडला की धूळ उडते, आणि ती छातीत गेली की मग तिला बाहेर काढायची सोय नाही.

अस्कर गावाच्या बाजूला अशा पाइपांचं एक वर्कशॉप होतं. सहाजणांची टोळी दिवसभर पाइप खरवडायची. त्यांच्या हवेची तपासणी आमच्याकडे. महिन्यातून एक दिवस त्यांच्यातल्या एकाने मुठीएवढा पंप कमरेला लावायचा, त्याची नळी कॉलरला अडकवायची. नळीच्या तोंडाशी नाण्याएवढा पांढरा कागद असतो. माणूस श्वास घेतो ती हवा पंपही ओढतो, आणि माणसाच्या छातीत जाते ती धूळ कागदावर बसते. तो कागद मी मोजायचा. सहाजणांच्या छातीत काय जातंय, हे कळायचा तेवढाच एक रस्ता होता.

दर वेळी पंप लावायचा त्या माणसाला मी चार वर्षं ओळखत होते. देवगडकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. हूरा मोहल्ल्यात एका खोलीत पाचजण राहायचे, त्यातला एक. नमुना द्यायला स्वतः यायचा, कारण लॅबमध्ये मराठी बोलायला मिळायचं. मला 'ताय' म्हणायचा. गावाहून आला की कोकम आणायचा, आणि मी 'कशाला रे ओझं वाहतोस' म्हणून आधी दोन शब्द ऐकवूनच ते घ्यायचे.

पहिल्यांदा त्याने पंप आणला तेव्हा मी जो झापला त्याला! पंपाला वंगण, नळीवर चिखल, आणि कागदावर भला मोठा काळा अंगठा.

"हे काय रे, शेणात लोळवून आणलंस काय? कसं जपायचं ते कळत नाही? परत असा घाण करून आणलास ना, तर पाऊल ठेवू देणार नाही इथे!"

बिचारा कानाच्या पाळीला हात लावून उभा. म्हणाला, "चुकला, ताय. परत असां नाय होवचा."

मला राग आला होता तो कागदावरच्या अंगठ्याचा. तसा कागद मोजता येत नाही. पण मी त्याला हे सांगितलंच नाही. हा कागद म्हणजे तुझी छाती आहे बाबा, कपडे मळतात तसा पंप मळू दे, फक्त कागदाला हात लावू नकोस, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. सूचनांचा कागद होता, इंग्रजी आणि अरबीत. त्याने त्याच्यावर सही केली होती. आमचं काम झालं, खलास.

पुढच्या महिन्यापासून पंप चकाचक येऊ लागला. मी खूश. कागद आणला की तो लगेच मोजत नाहीत. हवेत नेहमीच थोडं किरणोत्सारी काहीतरी असतं, ते चार दिवसांत मरतं. ते गेलं की उरेल ते खरं. शेजारी एक कोरा कागद मोजतात, न वापरलेला. त्याचे कागद आणि कोरा कागद, आकडे जवळजवळ सारखे. महिन्यामागून महिने सारखे. मी रिपोर्टवर सही ठोकायचे आणि म्हणायचे, "काय रे, तुझ्या कॉलरला देव बसलाय काय?"

तो हात जोडून म्हणायचा, "तुमची किरपा, ताय."

आणि त्या कागदांना वास यायचा. उदबत्तीचा. पाकीट उघडलं की आधी तो वास. कागदावर फिकट पिवळसर झाक. मला गावची आठवण यायची, बरं वाटायचं. इतकी वर्षं या धंद्यात घालवलेली बाई मी! पाइप खरवडणाऱ्याच्या कॉलरला उदबत्तीचा वास कुठून येणार, हा साधा प्रश्न मला पडू नये? पडला नाही. स्वच्छ आकडा माणसाला आंधळा करतो. मला तरी केलं.

चौथ्या वर्षी त्याचा खोकला जाईना. मग वजन उतरलं. इथल्या डॉक्टरांनी देशात जाऊन दाखवा म्हटलं. जायच्या आदल्या दिवशी तो लॅबवर आला. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. हातात फडक्यात गुंडाळलेला पंप.

"माज्या जाग्यावर दुसरो येतलो," तो म्हणाला. "तो तुमचा यंत्र जपतलो की नाय, म्हायत नाय. म्हणान मीच आणून दिलंय."

मी म्हटलं, तू जपलास खरा, एवढ्या धुळीत इतका स्वच्छ कसा ठेवायचास रे?

तो हसला. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत त्याने टेबल धरून ठेवलं. मग अगदी सहज म्हणाला, "कामावर लावलंय तर खराब होता, तुम्ही वरडतास. म्हणान केबिनीत देवाच्या फोटोकडे चालू करून ठेवी. दिवसभर थयच. सांजचो काढून आणी."

मी खुर्ची ओढली ती आवाज करत, एवढंच आठवतं. चार वर्षं मी त्यांच्या केबिनमधल्या देवासमोरच्या उदबत्तीची हवा मोजत होते. त्या अवस्थेत त्याला सांगू, की बाबा, तू जपलंस ते यंत्र आणि सोडलंस ते तुझं स्वतःचं अंग? "नीट जा," म्हटलं. "बरा होऊन ये." तो म्हणाला, इंशाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या लॅबच्या मॅनेजरकडे गेले. म्हटलं, चार वर्षांचे रिपोर्ट रद्द करा, सगळे खोटे आहेत. तो म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट तो क्लीन है ना? फिर?" त्याच्यावर मात्र मी पोटभर ओरडले. ते ओरडणं तरी योग्य जागी गेलं. मग स्वतः अस्करला गेले, नव्या माणसाच्या कॉलरला माझ्या हाताने नळी लावली आणि दिवसभर उन्हात उभी राहिले. कागद निघाला तो राखेसारखा. चार दिवस ठेवला, मग मोजायला लावला. आकडा चढत गेला, चढत गेला, आणि मी मशीनसमोर बसून रडले.

काम थांबलं. मास्क बदलले, पाइप भिजवून खरवडायला लागले, उरलेल्या पाचजणांना डॉक्टरकडे नेलं. एका महिन्याच्या आत हे सगळं झालं. म्हणजे एक मळलेला कागद पुरत होता. पहिल्याच वर्षी पुरला असता. आता कोणीही नवा माणूस आला की मी त्याला सांगते, त्याला कळेल त्या भाषेत सांगते, मळवून आण. स्वच्छ आणलास तर बघ.

चार महिन्यांनी तो गावीच वारला. फुप्फुसाचा कॅन्सर. ना विडी, ना सिगरेट. डॉक्टरांनी सांगितलं, कशाने झालं ते नक्की सांगता येत नाही. मलाही येत नाही. ज्या कागदांवर ते लिहिलेलं असायला हवं होतं, ते माझ्या कपाटात आहेत आणि त्यांना अजून उदबत्तीचा वास येतो.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या बायकोचा फोन आला. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिने विचारलं, "ताय, तुम्ही तपासलेले ते कागद बरे व्हते ना? मग ह्यां कशान झाला?"

हो म्हणून सुटता आलं असतं. मी सगळं सांगितलं. पंप, केबिन, देव. आणि तो तसा का ठेवत होता, तेही. म्हटलं, "माझ्या ओरडण्यामुळे गं. मी त्याला नीट सांगितलंच नाही."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "ते सांगत, ताय वरडता ती बहिणीसारखी वरडता. शेवटाक माका म्हणाले, फोन करशीत तेव्हा तायक सांग, यंत्राक डाग लागूक नाय."

मी म्हटलं, "नाही लागला."