आधी खेळा, मग लिहा

मी कोणतंही काम आधी लिहिते, मग करते. प्रवासाला निघताना, दवाखान्यात जाताना, अगदी बुद्धिबळ खेळतानाही. खेळी कागदावर लिहायची, पटाकडे पुन्हा बघायचं, मग मोहरा उचलायचा. आमच्या धारूरच्या क्लबात यावर कुणी हरकत घेतली नव्हती. तेलगावविरुद्धच्या सामन्यात मात्र पंच टेबलाशी आले.

"मॅडम, आधी खेळा, मग लिहा. नियम आहे. पुन्हा झालं तर समोरच्यांना दोन मिनिटं वाढवून देईन."

समोरचे गृहस्थ साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावर कामाला होते. ते हसले. "कावून लिहायलात बाई? किराण्याची यादी हाय का?"

"यादी असती तर पहिलं तुमचं नाव खोडलं असतं," मी म्हणाले. चार पटांपैकी तीन संपले होते, गुण दीड-दीड. मी जिंकले तरच आमचा संघ बीडला जाणार होता. बरोबरी झाली तर गतविजेते म्हणून तेलगावकर. आमचे कॅप्टन, गणिताचे निवृत्त सर, माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते.

सुरुवात मी नेहमीची केली होती. मधली प्यादी तशीच ठेवून वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं, मग राजाकडचा उंट लांब तिरप्या रेघेवर. पंचविसाव्या खेळीला संधी दिसली. त्या रेघेतला माझा घोडा उठवला की घोड्याचा मारा वजिरावर आणि मोकळ्या झालेल्या उंटाचा हत्तीवर. लिहिलं नाही. घोडा ठेवला, घड्याळ दाबलं, आणि लिहिता लिहिता दिसलं: वजीर माझ्या मागच्या ओळीत आणून ते शह देऊ शकत होते. मग शह अडवायला उंट राजाशेजारी परत न्यावा लागला असता, आणि त्यांचे वजीर-हत्ती दोन्ही वाचले असते.

त्या ओळीकडे मी बघायचंच टाळलं. सहा मिनिटं गेली. त्यांनी वजीर हत्तीशेजारी नेला. मी हत्ती मारला, त्यांनी उंट, आणि पुढे माझ्या हत्तीसमोर त्यांचा घोडा पुरा पडला नाही. त्यांनी हार मानून हात पुढे केला.

सह्या झाल्यावर मला राहवेना. मोहरे मागे नेऊन तो शह दाखवला.

"अग्गायाया! आता सांगायलात व्हय?" त्यांनी कपाळावर हात मारला.

सरांनी ऐकलं. "म्हणजे न बघता खेळलात?"

"लिहून बघता आलं नाही, सर."

"बीडलाही पंच असणारच," ते म्हणाले. "उद्यापासून रोज संध्याकाळी या. पेन घरी ठेवून."