सोमारीबाईचं फूल पडलं

व्हॉट्सॲपवर बोलायचं तर सोमारीबाई आधी पलीकडच्याची चाहूल घ्यायची. बटण दाबून धरायचं, "हालो... हालो... आवाज येऊन राह्यला का?" म्हणायचं आणि थांबायचं. कोणी ओ देत नाही म्हटल्यावर जरा रागावूनच पुढचं बोलायचं. कुरखेड्याकडच्या त्या लहानशा गावात चर्चची घंटा वाजवायचं काम तिचं. अक्षर एक वाचता येत नव्हतं, पण चर्चच्या 'येशूचे मित्र' ग्रुपात सगळ्यात जास्त आवाज तिचाच. ती सोडून मित्र त्रेचाळीस. पैकी चाळीस सध्या मिरची तोडायला तेलंगणात.

आणि नाल्यापलीकडच्या टोल्यावर, थोड्या घरांच्या वाडीत, तिचं फूल.

अकरा वर्षांच्या असताना मंडईच्या जत्रेत दोघींनी एकमेकींच्या केसांत फुलं खोवून मैत्री जोडली होती. तेव्हापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, ही त्या नात्याची रीत. हाक मारायची ती 'फूल' म्हणूनच. पुढे सोमारीबाईने बाप्तिस्मा घेतला. फूल आपल्या देवांपाशीच राहिलं. तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, "तुह्या येशूले चालन का व मी?"

"त्याले का होते? मलेच तू चालत नाई कधी कधी," सोमारीबाई म्हणाली होती.

त्या सोमवारी सकाळी टोल्यावरून फोन आला. फुलाची सून रडत होती. मोहाखाली फुलं वेचता वेचता सासू दगडावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं, टोल्यात पुरुष माणूस नाही. ॲम्ब्युलन्स येणार ती नाल्याच्या अलीकडेच. पुढे रेती, गाडी फसते.

सोमारीबाईने बटण दाबलं. "हालो... हालो... भाऊ हो, माह्यं फूल पडलं जी! नाल्यापल्याड मोहाखाली पडून हाये. उचलाले मानसं पायजे. लवकर या!"

मोहाचे दिवस. फूल पडलं म्हणजे आनंदच. टपाटप उत्तरं आली.

"यंदा लवकर पडलं व मावशी!" ही शिवणकाम करणारी रंजीता. "टोपली आनू का मोठी?"

तेलंगणातून वारलू: "मजा हाये बाप्पा तुमची. आमी इथी मिरचीनं शिंकून राह्यलो."

आणि ग्रुपचे ॲडमिन, रिटायर वनरक्षक गुणवंतराव, रेडिओवरच्या बातम्यांच्या आवाजात: "आमेन! प्रभू आनखी पाडो!"

सोमारीबाईने पुन्हा बटण दाबलं. "आनखी काय पाडता जी? म्हातारी हाये ते! मले चार खांदे पायजे, चार!"

यावर ग्रुप एकदम गंभीर झाला. मेणबत्त्यांची चित्रं आली, काळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरं आली. वाचता येत नसलं तरी भावपूर्ण श्रद्धांजली कशी दिसते ते तिला ठाऊक होतं.

"मेली नाई जी ते!" ती फोनवर ओरडली. बटण दाबायचं राहून गेलं.

मग तिने फोन ओट्यावर टाकला, चर्चकडे पळाली आणि घंटेचा दोर ओढला. सोमवारी घंटा! पाळक दाढीला साबण लावलेलेच आले, रंजीता गळ्यात टेप घेऊन, गुणवंतराव मोबाइल घेऊन.

"मानूस पडलं हाये," सोमारीबाईला धाप लागली होती. "खाटेवर घालून नाला पार करा लागते."

"कोन?" गुणवंतरावांनी विचारलं.

"माह्यं फूल."

"बाई, नाव सांगा. ग्रुपवर टाकतो. नावाशिवाय प्रार्थना कशी चालवाची?"

नाव जिभेवर आलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. सोमारीबाईने ते गिळलं आणि पाळकाकडे वळली. "काल तुमी उपदेश केला, पाळकबाबा. चौघांनी छप्पर उकललं, अन् आपल्या दुखणाईत दोस्ताले खाली येशूपुढं सोडलं. त्या दोस्ताचं नाव का होतं?"

पाळकांनी साबणासकट हनुवटी खाजवली. "नाव... नाई सांगतलं कुठी."

"अन् त्या चौघाईचं?"

"त्याईचंबी नाई."

"मंग? येशूनं विचारलं का?"

गुणवंतरावांनी मोबाइल खिशात घातला. "बाई, माही कंबर दुखते," ते पुटपुटले, आणि नाल्याकडे सगळ्यांत पुढे चालू लागले.

खाटेचे पाय चार, माणसं चार. रेतीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. "डावीकडं घ्या, डावीकडं!" खाटेवरून कण्हत कण्हत फूलच हुकूम सोडत होतं. "सोयऱ्यानं जंगलात नोकरी केली का हापिसात?" गुणवंतरावांना चिडायलाही श्वास शिल्लक नव्हता.

ॲम्ब्युलन्सपाशी कंपाउंडरने कागद काढला. "पेशंटचं नाव?"

तिघांनी सोमारीबाईकडे पाहिलं.

"अहो, कोण लागते तुमची?"

"फूल," सोमारीबाई म्हणाली.

"नाव, बाई, नाव!"

"लिवा," खाटेवरून आवाज आला. "बुधरी."

सोमारीबाईने दोन्ही कानांवर घट्ट हात ठेवले होते. तिच्या तळव्यांवर खाटेच्या दोरीचे वळ उठले होते.

"आइकलं का व?" फुलाने विचारलं.

"का म्हनलं?" सोमारीबाईने एक हात काढला.

"काई नाई. बस गाडीत."